धूम्रपान, आनुवंशिकता आणि फुप्फुसाचा कर्करोग : फिशर यांच्या आक्षेपाचे अर्धशतकानंतरचे उत्तर

सारांश : धूम्रपान करणाऱ्या सर्वांनाच फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. या वस्तुस्थितीचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न १९५० च्या दशकापासून चर्चिला गेला आहे. सर रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८ मध्ये मांडलेला आनुवंशिकतेचा आक्षेप, त्यास मिळालेले सांख्यिकीय उत्तर आणि २००८ नंतर हाती आलेली जनुकीय माहिती यांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आनुवंशिक भेद कर्करोगाचा धोका कमी-अधिक करतात, तथापि तंबाखूचे कारणत्व त्यांमुळे बाधित होत नाही आणि धूम्रपान सोडण्याचा लाभ सर्व जनुकप्रकारांच्या व्यक्तींना मिळतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आनुवंशिकता, जनुकीय भेद, निकोटीन, फुप्फुसाचा कर्करोग, कार्यकारणभाव

प्रस्तावना

आपल्या परिचयाच्या बहुतेक कुटुंबांत एखादे आजोबा असे असतात की, ज्यांनी आयुष्यभर विड्या ओढल्या आणि तरीही नव्वदी पार केली. धूम्रपानाच्या दुष्परिणामांची चर्चा सुरू होताच हे आजोबा साक्षीदार म्हणून पुढे केले जातात. दुसऱ्या बाजूला, तुलनेने कमी वर्षे धूम्रपान करूनही पन्नाशीत फुप्फुसाच्या कर्करोगाला बळी पडलेली माणसेही आपण पाहतो. या दोन अनुभवांतून 'ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा प्रश्न' किंवा आजच्या भाषेत 'ज्याच्या त्याच्या जनुकांचा प्रश्न' असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो अधिक काळजीपूर्वक तपासावा लागतो. व्यक्तिव्यक्तींमधील जन्मजात फरकांचा या रोगाच्या धोक्याशी संबंध आहे, हे आता पुराव्यानिशी सांगता येते. परंतु या संबंधाचे स्वरूप कोणते, त्याचे प्रमाण किती आणि त्यावरून धूम्रपानाविषयी काय म्हणता येते, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण विसाव्या शतकातील एका थोर संख्याशास्त्रज्ञाने घालून दिले आहे.

फिशर यांचा आक्षेप

१९५० मध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णालयांतील रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे, विशेषतः अतिधूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण अन्य रुग्णांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनीही तसेच निष्कर्ष मांडले. १९५१ पासून डॉल व हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचाच दीर्घकालीन पाठपुरावा सुरू केला आणि १९५४ व १९५६ च्या अहवालांनी आधीच्या निष्कर्षाला बळकटी दिली.

या निष्कर्षावर सर्वांत वजनदार आक्षेप घेतला तो सर रोनाल्ड फिशर यांनी. आधुनिक संख्याशास्त्राचे आणि लोकसंख्या-आनुवंशिकीचे ते एक शिल्पकार. साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तत्त्व पुढे करून त्यांनी १९५७ व १९५८ मध्ये एक पर्यायी उपपत्ती मांडली. काही व्यक्तींची आनुवंशिक घडणच अशी असेल की, ती त्यांना सिगारेटकडेही ओढते आणि कर्करोगाकडेही नेते. तसे असल्यास धूम्रपान आणि कर्करोग ही एकाच कारणाची दोन फळे ठरतील. आधारादाखल त्यांनी जर्मनीतील जुळ्यांची माहिती दिली. द्विबीज जुळ्यांच्या तुलनेत एकबीज जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी अधिक सारख्या होत्या. म्हणजे सवयीमागे आनुवंशिकता होती.

फिशर स्वतः धूम्रपान करीत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. या गोष्टींचा उल्लेख नेहमी केला जातो आणि तो करणे योग्यही आहे. तथापि आक्षेप घेणाऱ्याचे हितसंबंध दाखवून दिल्याने आक्षेपाचे उत्तर दिले असे होत नाही. फिशर यांची उपपत्ती तर्कदृष्ट्या संभवनीय होती. तिची परीक्षा पुराव्यानेच होणे आवश्यक होते.

कॉर्नफील्ड यांचे उत्तर आणि जुळ्यांचा पुरावा

पहिले उत्तर १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. सिगारेट ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा नऊपट धोका आहे आणि त्याचे खरे कारण एखादा अज्ञात गुणधर्म आहे असे मानले, तर तो गुणधर्म धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट अधिक प्रमाणात आढळला पाहिजे. तो त्यांच्यापैकी शंभरात साठ जणांत असेल, तर न ओढणाऱ्यांत शंभरात सातांहूनही कमी जणांत असावा लागेल. धूम्रपानाशी इतके घट्ट जोडलेले असे कोणतेही जनुक त्या वेळी ज्ञात नव्हते. पुढेही आढळले नाही.

दुसरे उत्तर फिशर यांनी ज्यांची साक्ष काढली होती, त्या जुळ्यांकडूनच मिळाले. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. अशा जोडीतील एक जण धूम्रपान करीत असेल आणि दुसरा करीत नसेल, तर फिशर यांच्या मते दोघांचा धोका सारखाच असावयास हवा. उत्तर युरोपातील देशांच्या जुळ्यांच्या नोंदींवर आधारलेला व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला विस्तृत अभ्यास याच्या नेमका विरुद्ध निष्कर्ष देतो. अशा जोड्यांत धूम्रपान करणाऱ्या भावंडाचा कर्करोगाचा धोका न करणाऱ्यापेक्षा पाचपटींहून अधिक होता. मात्र धूम्रपान करणाऱ्या जुळ्यांची आपापसांत तुलना केली असता, धोक्यातील फरकाचा सुमारे दोन पंचमांश भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, असाही अंदाज त्याच अभ्यासातून निघाला. धूम्रपान हे कारण आहे आणि त्या कारणाचा परिणाम किती होईल, यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, अशी दोन्ही विधाने एकाच माहितीतून सिद्ध होतात.

कौटुंबिक अभ्यासही याच दिशेने जातात. १९६३ मध्ये जॉर्ज टोकुहाटा व अब्राहम लिलियनफेल्ड यांनी दाखवून दिले की, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांतही या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक असते आणि केवळ धूम्रपानाच्या सवयींवरून त्याचा पूर्ण उलगडा होत नाही.

पेशीमध्ये काय घडते

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर्करोगाच्या संदर्भात जनुकीय बदल हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला बदल आई-वडिलांकडून मिळालेला, शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेला आणि जन्मापासूनचा. दुसरा आयुष्यात नंतर एखाद्या पेशीत घडलेला आणि पुढच्या पिढीत न जाणारा. धूम्रपान दुसऱ्या प्रकारचे बदल घडविते. प्रस्तुत लेखाचा विषय पहिल्या प्रकारचे बदल हा आहे. हे दोन्ही फुप्फुसाच्या पेशीत एकत्र येतात.

तंबाखूच्या धुरात बेंझोपायरिनसारखी संयुगे आणि तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामाइने असतात. शरीरातील विकरे या पदार्थांचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या संयुगांत करू पाहतात. परंतु या प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर डीएनएला चिकटणारी क्रियाशील रूपे तयार होतात. बेंझोपायरिनचे असे रूप टीपी५३ या कर्करोगनिरोधक जनुकाच्या ज्या ठिकाणी जडते, त्याच ठिकाणी फुप्फुसाच्या अर्बुदांत वारंवार उत्परिवर्तने आढळतात, हे १९९६ मध्ये दाखविण्यात आले. दररोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातील प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी सुमारे १५० उत्परिवर्तने साठत जातात, असा अंदाज २०१६ मधील एका अभ्यासाने दिला.

या साखळीत वारशाने मिळालेले भेद तीन ठिकाणी परिणाम घडवू शकतात : व्यक्ती किती धूर आत घेते, त्या धुरातील द्रव्यांचे शरीर काय करते आणि डीएनएची झालेली हानी किती कार्यक्षमतेने दुरुस्त होते.

पंधराव्या गुणसूत्रावरील भेद

१९९० च्या दशकात संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे विषारी द्रव्यांवर प्रक्रिया करणाऱ्या विकरांवर होते. उदाहरणार्थ, जीएसटीएम१ हे जनुक युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत पूर्णतः अनुपस्थित असते. अशा व्यक्तींना मोठा धोका असावा, ही अपेक्षा होती. प्रारंभीच्या लहान अभ्यासांनी ती उचलून धरली. परंतु अभ्यासांचा आकार वाढत गेला तसतसा हा परिणाम क्षीण होत गेला.

मानवी जनुकसंचाचा आराखडा २००३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर पूर्वग्रह न ठेवता संपूर्ण जनुकसंचातील लाखो भेद एकाच वेळी तपासणे शक्य झाले. एप्रिल २००८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी एकाच ठिकाणाकडे बोट दाखविले. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्र आणि आइसलँडमधील डीकोड यांच्या नेतृत्वाखालील हे गट होते. ते ठिकाण म्हणजे पंधराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एक छोटा पट्टा. तेथे सीएचआरएनए५, सीएचआरएनए३ व सीएचआरएनबी४ ही जनुके शेजारी-शेजारी आहेत आणि ती निकोटीन ज्यांना जडते त्या ग्राही प्रथिनांचे घटक तयार करतात. सीएचआरएनए५ मधील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनातील ३९८ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजीन येते. या भेदाची एक प्रत असणाऱ्यांत कर्करोगाचा धोका सुमारे १.३ पट आणि दोन प्रती असणाऱ्यांत सुमारे १.८ पट आढळला.

फिशर यांच्या लेखनानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, धूम्रपानाशी आणि कर्करोगाशी एकाच वेळी निगडित असलेला जनुकीय भेद खरोखरच सापडला होता. मग फिशर यांचे म्हणणे खरे ठरले काय?

या प्रश्नावर तिन्ही गटांत सुरुवातीला एकमत नव्हते. डीकोडच्या गटाने हा भेद मुख्यतः निकोटीनच्या व्यसनामार्फत कार्य करतो असे मानले. उर्वरित दोन गटांनी फुप्फुसावरील प्रत्यक्ष परिणामाची शक्यता पुढे केली. दररोजच्या सिगारेटींच्या संख्येत प्रत्येक प्रतीमागे जेमतेम एका सिगारेटीची वाढ दिसत होती आणि धोक्यातील वाढीचे स्पष्टीकरण देण्यास ती अपुरी वाटत होती. याचा उलगडा पुढे मोजमापाच्या पद्धतीतून झाला. सिगारेटींची संख्या सारखी असली तरी प्रत्येक सिगारेट किती खोल आणि किती वेळा ओढली जाते, यात फार फरक असतो. शरीरात निकोटीनपासून तयार होणाऱ्या कोटिनीनचे रक्तातील प्रमाण मोजले असता, या भेदाचा संबंध सिगारेटींच्या संख्येपेक्षा कितीतरी दृढ असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. कर्करोगाच्या धोक्यातील बहुतांश वाढ या अधिक घेतलेल्या धुरानेच स्पष्ट होते.

यामागील जैविक यंत्रणेवर २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी प्रकाश टाकला. मेंदूतील हॅबेन्युला या भागातील पेशी निकोटीनची मात्रा अधिक झाली म्हणजे 'आता पुरे' असा नकारात्मक संकेत देतात. ज्या उंदरांत सीएचआरएनए५ जनुकाचे कार्य बंद केले होते, त्यांत हा संकेत मंदावला आणि ते निकोटीनच्या मोठ्या मात्राही घेत राहिले. हा भेद माणसाला सिगारेट हाती घ्यावयास लावीत नाही. हाती घेतलेली सिगारेट खाली ठेवणे तो अवघड करतो.

फिशर यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. त्यांच्या उपपत्तीत जनुकापासून दोन वाटा फुटतात : एक धूम्रपानाकडे, दुसरी कर्करोगाकडे. प्रत्यक्षात सापडलेली वाट प्रामुख्याने एकच आहे आणि ती धुरातून जाते. कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींत हा भेद असला, तरी त्यांच्या धोक्यात उल्लेखनीय वाढ आढळत नाही. शिवाय धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्यात या भेदाचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते. कॉर्नफील्ड यांनी सांगितलेल्या नऊपटीच्या अटीच्या तो जवळपासही पोहोचत नाही.

निकोटीनचे विघटन आणि डीएनएची दुरुस्ती

धुराच्या मात्रेवर परिणाम करणारे दुसरे जनुक सीवायपी२ए६ होय. त्यापासून तयार होणारे विकर यकृतात निकोटीनचे कोटिनीनमध्ये रूपांतर करते. हे विकर मंद असेल तर निकोटीन रक्तात अधिक काळ टिकते आणि पुढील सिगारेटीची निकड उशिरा भासते. अशा व्यक्ती कमी धूर घेतात आणि त्यांचा कर्करोगाचा धोकाही कमी असतो. या जनुकाची मंद रूपे जपानी वंशाच्या लोकांत विशेष आढळतात. हवाई व लॉस एंजेलिस येथील बहुवांशिक अभ्यासाने २००६ मध्ये दाखविले होते की, सारख्याच संख्येने सिगारेट ओढणाऱ्यांत जपानी वंशाच्या अमेरिकनांचा धोका आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपेक्षा व मूळ हवाईवासीयांपेक्षा कमी असतो. या तफावतीच्या स्पष्टीकरणात सीवायपी२ए६ चा वाटा आहे.

तिसऱ्या टप्प्यावरील भेद विरळ, परंतु काही वेळा अधिक प्रभावी असतात. स्तनाच्या कर्करोगामुळे परिचित झालेल्या बीआरसीए२ या दुरुस्ती-जनुकाचा एक भेद युरोपीय वंशाच्या शंभरातील सुमारे दोन व्यक्तींत असतो. त्यामुळे फुप्फुसाच्या शल्की पेशींच्या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक होतो, असे २०१४ मध्ये आढळले. याउलट सीएचईके२ या जनुकाचा एक विरळ भेद स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढवितो, पण फुप्फुसाच्या शल्की कर्करोगाचा धोका कमी करतो. एखादे जनुक सरसकट 'चांगले' किंवा 'वाईट' ठरविता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २०२२ मध्ये श्वासनलिकेच्या एकेका पेशीचा अभ्यास केला. धूम्रपानाबरोबर वाढत जाणारी उत्परिवर्तने काही अतिधूम्रपान करणाऱ्यांत एका मर्यादेनंतर स्थिरावलेली दिसली. डीएनएच्या दुरुस्तीची क्षमता काहींमध्ये अधिक असावी, असे अनुमान त्यांनी केले. विड्या ओढणाऱ्या आजोबांच्या दीर्घायुष्याचा काही उलगडा कदाचित येथे सापडेल.

प्रमाणाचा विचार

आता प्रमाणाकडे वळू. ब्रिटनमधील माहितीनुसार, धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांपैकी ७५ वर्षे वयापर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू पावण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १६ होते, असा अंदाज रिचर्ड पीटो, डॉल व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. धूम्रपान कधीच न करणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकाहून कमी असते. युरोपात सीएचआरएनए५ चा धोक्याचा भेद सुमारे ३५ टक्के गुणसूत्रांवर असतो. हे आकडे आणि वर दिलेली १.३ व १.८ ही गुणोत्तरे एकत्र करून ढोबळ गणित मांडल्यास पुढील चित्र दिसते. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे हा भेद नाही त्यांच्यात शंभरात सुमारे १३, एक प्रत असणाऱ्यांत सुमारे १७ आणि दोन प्रती असणाऱ्यांत सुमारे २३.

१३ आणि २३ यांतील अंतर दुर्लक्षणीय नाही. परंतु ज्याला आपण 'जनुकीयदृष्ट्या भाग्यवान' म्हणू, त्या पहिल्या गटाचा धोकाही धूम्रपान न करणाऱ्याच्या दहापटींहून अधिक आहे. आता पीटो यांच्याच अभ्यासातील दुसरे आकडे पाहावेत. साठाव्या वर्षी धूम्रपान सोडल्यास शंभरात १६ हे प्रमाण १० वर येते. पन्नासाव्या वर्षी सोडल्यास ६ वर, चाळिसाव्या वर्षी ३ वर आणि तिसाव्या वर्षी २ हूनही खाली. जनुकांमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा वेळीच धूम्रपान सोडल्याने पडणारा फरक मोठा आहे.

धोक्याचा भेद असणाऱ्यांनाही हा लाभ मिळतो काय, याचे उत्तर २०१५ मधील एका एकत्रित विश्लेषणाने दिले. दोन प्रती असणाऱ्या व्यक्तींनी एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सुमारे चार वर्षे उशिरा धूम्रपान सोडले आणि त्यांच्या कर्करोगाचे निदानही सुमारे चार वर्षे आधी झाले. तथापि धूम्रपान सोडल्यानंतर सर्वच जनुकप्रकारांत धोका जवळजवळ निम्म्यावर आला.

मग प्रत्येकाची जनुकीय तपासणी करून त्याला सावध करावे काय? जनुकीय धोक्याची माहिती दिल्याने लोकांच्या सवयी बदलतात, असा पुरावा २०१६ मध्ये झालेल्या एका व्यापक आढाव्यात मिळाला नाही. उलट 'धोका कमी' असा अहवाल हाती पडलेल्या व्यक्तीस खोटा दिलासा मिळण्याची भीती असते.

भारतीय संदर्भ

वरील बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या आणि सिगारेट ओढणाऱ्या लोकांवर झालेले आहेत. सीएचआरएनए५ चा हा भेद पूर्व आशियात व आफ्रिकेत विरळ आहे आणि दक्षिण आशियात युरोपपेक्षा कमी प्रमाणात आढळतो. त्यामुळे युरोपातील टक्केवारी आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत, तर ४ टक्के सिगारेट ओढत. विडीत तंबाखू कमी असली तरी तेंदूच्या पानामुळे ती लवकर विझते आणि जळत ठेवण्यासाठी वारंवार ओढावी लागते. धुराच्या मात्रेचे गणितच वेगळे होते. विडीचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासातून दाराब जस्सावाला व डी. के. जैन यांनी १९७९ मध्येच पुढे आणला होता. जीनोमइंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना उपलब्ध झाली. तिच्या आधारे आपल्या लोकसमूहांतील भेदांचा आणि विडीच्या धुराचा एकत्रित अभ्यास करण्याची संधी भारतीय विद्यापीठांपुढे आहे.

निष्कर्ष

फिशर यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. त्यांनी गृहीत धरलेले उत्तर चुकीचे होते. धूम्रपानाच्या सवयीत आनुवंशिकता आहे, कर्करोगाच्या धोक्यातही ती आहे आणि या दोहोंना जोडणारे जनुकही आहे. परंतु ते जनुक बहुतांशी तंबाखूच्या धुरामार्फतच घात करते. म्हणून आनुवंशिकतेचा शोध तंबाखूला दोषमुक्त करीत नाही. तो धूर माणसाला का सुटत नाही आणि काहींना अधिक का बाधतो, याचा खुलासा करतो.

या खुलाशातून एक व्यावहारिक जाणीवही मिळते. प्रयत्न करूनही ज्याला धूम्रपान सोडता येत नाही, त्याच्या इच्छाशक्तीला दोष देण्यापूर्वी त्याच्या मेंदूतील 'आता पुरे' हा संकेतच जन्मतः क्षीण असू शकेल, हे लक्षात घेतले पाहिजे. अशा व्यक्तीला उपदेशापेक्षा औषधोपचार व समुपदेशन यांची अधिक गरज असते. आणि जे आपल्या दीर्घायुषी आजोबांचा दाखला देतात, त्यांना एवढेच सांगता येईल की, आजोबांची निम्मी जनुके वडिलांकडे आली आणि त्यांतील सुमारे निम्मीच आपल्याकडे. ती नेमकी कोणती, हे विडी पेटविणाऱ्याला ठाऊक नसते.